गणपती राहिला

पहिल्या खेपेला मला दिवस गेले, त्या वर्षी आमच्या रोह्याच्या घरी गणपतीचं विसर्जन केलं नव्हतं. घरात गर्भार बाई असली की मूर्ती बाळंतपणापर्यंत ठेवायची, ही आमच्याकडची रीत. माझ्या माहेराहून, पेणहून आणलेली मूर्ती पाटावर बसून होती. दिवाळीनंतर माझा गर्भ पडला. मी दवाखान्यातून परतले तेव्हा पाट रिकामा होता. यजमानांनी मूर्ती आरतीशिवाय, गुपचूप कुंडलिका नदीत सोडली होती. बाळाबद्दलही कोणी चकार शब्द काढला नाही. त्याला नाव नव्हतं. हाक मारून रडायचीही सोय नव्हती.

पुढच्या वैशाखात पुन्हा दिवस राहिले. या खेपेला मी पोटावर हातसुद्धा ठेवत नसे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पोटातल्याशी बोलता का?"

"भीती वाटते."

"मग तेच सांगा त्याला. पण बोला."

मला बोलणं जमत नाही, वाचणं जमतं. दुपारी मी पुस्तक मोठ्यानं वाचू लागले. मध्येच थांबून, तुझ्याआधी कोणीतरी होतं, हेही त्याला सांगितलं.

सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "कोणाला वाचून दाखवतंस गो? येवढा जीव नको लावू. मागचं इसरलीस काय?"

"विसरले नाही, म्हणूनच वाचते."

भाद्रपद आला. सासूबाईंनी दीड दिवसात विसर्जन ठरवलं. "घरात काय नाय, असंच समजायचं," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्या उत्तरपूजेचं ताट घेऊन आल्या, तेव्हा मी पाटासमोर उभी राहिले.

"गणपती जाणार नाही. घरात कोणीतरी आहे."

"आन् मागच्यासारखं झालं तं? परत गुपचूप सोडायचा?"

"झालं तर झांजा वाजवत नेऊ. मी पुढे चालेन आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी रडेन. पण जे आहे, ते नाही म्हणणार नाही."

लग्नानंतर इतकं सलग मी त्या घरात प्रथमच बोलले असेन. सासूबाईंनी यजमानांकडे पाहिलं. त्यांनी हातातल्या झांजा खुंटीला अडकवल्या.

"मंग रोज पूजा करनार कोण?" सासूबाई ताट आपटत म्हणाल्या. "ह्याची तं सकाळची शिफ्ट."

"आम्ही दोघं," मी म्हणाले, आणि सगळ्यांदेखत पोटावर हात ठेवला.