सासऱ्यांसाठी धुतलेली नळी

डॉक्टरांनी दुर्बिणीची नळी माझ्या गळ्यात घातली. एका माणसाच्या आतड्यातून नुकतीच बाहेर काढलेली, पिवळी, बुळबुळीत, तशीच. दोन्ही हातांनी घातली, हार घालावा तशी. मी एवढंच म्हणाले होते, सर, पुढच्या पेशंटसाठी ही लगेच देता येणार नाही, धुवायला पाऊण तास तरी लागेल.

"राहू दे गळ्यात. तुझ्या घराण्याचा दागिना आहे," ते मराठीत म्हणाले. मग बाकीच्यांना कळावं म्हणून हिंदीत, "इसका खानदानी गहना है."

सिस्टर हसली. भूल देणारे डॉक्टर मोबाइलवरून मान न उचलता हसले. टेबलावरचा पेशंट गुंगीत होता. तो तेवढा हसला नाही.

मी नळी काढली, ट्रेमध्ये ठेवली, धुवायच्या खोलीत गेले. कॉलर पुसली. रडले नाही.

जयपूरमधलं हे खासगी हॉस्पिटल. नवरा इथल्या सीतापुऱ्यात कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्टर, त्याच्यामागे मी इथं आले. नागपूरला टेक्निशियनचा डिप्लोमा केला होता. इथं माझं आडनाव कुणाला वाचता येत नव्हतं. मतलब, अक्षरं वाचायचे, जात वाचता येत नव्हती. चार वर्षं मी नुसती 'दीदी' होते. जातीतून मिळालेली तेवढीच सुट्टी.

मग हे डॉक्टर आले. महाराष्ट्रातले. मराठी ऐकून मला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी घरून जवसाची चटणी नेली बाटलीत.

"छान. कुठलं गाव तुमचं? आणि आडनाव काय म्हणालात?"

मी सांगितलं.

"अच्छा. आई-वडील काय करतात?"

"वडील नाहीत. आई नगरपरिषदेत झाडूवाली होती."

"अच्छा," ते पुन्हा म्हणाले. चटणीची बाटली तीन दिवस खिडकीत पडून होती. चौथ्या दिवशी मीच परत नेली. त्याआधीच मी 'तुम्ही'ची 'तू' झाले होते.

आता माझं काम सांगते. पोटाची तपासणी करायच्या दुर्बिणीच्या नळ्या मोजक्या असतात आणि माणसं पुष्कळ. एकाच्या पोटातून निघालेली दुसऱ्याच्या पोटात जाते. मधे मी. आधी नळीत हवा भरून ती पाण्यात बुडवायची, बुडबुडे आले तर कुठंतरी फाटली आहे. मग आतल्या बारीक वाटांतून ब्रश घालायचा, तो स्वच्छ निघेपर्यंत. मग औषधात ठेवायची, ठरलेला वेळ, एक मिनिट कमी नाही. मग धुवायची. मग आतून वाळवायची, कारण आत ओल राहिली की तिथंच जंतू वाढतात. हे सगळं भिंतीवर लिहिलेलं आहे, खाली डॉक्टरांची सही.

सही त्यांची, घाई त्यांची. नळ्या दोन आणि सकाळच्या यादीत बारा पेशंट. "पाणी मारून आण," ते दारातून ओरडायचे. गळ्यातल्या त्या प्रकारानंतर मी पाणी मारून आणायला लागले. ब्रश एकदा फिरवायचा, औषधात बुडवल्यासारखं करायचं, द्यायची. हे मी केलं. दुसऱ्या कुणी नाही. किती माणसं गेली त्या नळ्यांखालून, मला माहीत आहे. त्यांना माहीत नाही.

एका मंगळवारी डॉक्टर स्वतः धुवायच्या खोलीत आले. ते आल्यापासूनच्या दीड वर्षात पहिल्यांदा. त्यांच्या सासऱ्यांची तपासणी होती.

"हे बघा," ते म्हणाले. आज पुन्हा 'तुम्ही'. "सगळं नीट करा. औषधात पूर्ण वेळ ठेवा. घाई नाही. ब्रश नवा घ्या."

आणि सिंकपाशी उभे राहिले. मी ब्रश घालत होते आणि ते बघत होते. "बुडबुडे नाहीत ना? आतून वाळवली?" एकेक पायरी त्यांना पाठ होती. मला वाटायचं, मोठा माणूस, त्याला सिंकमधलं काय कळणार. सगळं कळत होतं. कोणाच्या पोटात काय गेलेलं चालतं, तेही ठरलेलं होतं. त्या क्षणी माझ्या मनातली त्यांची भीती गेली. किळस आली फक्त. नळीची कधी आली नव्हती.

सासऱ्यांची तपासणी झाली. पुढचा नंबर जवळच्या कानोता गावातल्या एका म्हाताऱ्याचा. सकाळपासून उपाशी, सुनेच्या आधारानं बाकावर बसलेला. मघाशी मी तिथून जाताना नंबर कधी येईल ते त्यानं विचारलं होतं, "बेटी, म्हारो नंबर कद आवैलो?"

नळी माझ्या हातात पडली आणि दारातून आवाज आला, "पाणी मार आणि आण."

"नाही," मी म्हणाले.

"काय?"

"पाऊण तास लागेल. मघाशी लागला तेवढाच."

"तू मला शिकवणार? सिंकमध्ये हात घालायची तुझी लायकी, तेवढंच कर."

"तेच करतेय. तुम्ही बाहेर थांबा."

मग मी बाहेर गेले. म्हाताऱ्याच्या सुनेला सांगितलं की नळी अजून धुतलेली नाही, धुऊन होईपर्यंत यांना आत पाठवू नका, कुणीही बोलावलं तरी. बाकावरचे सगळे ऐकत होते. एकानं विचारलं, "दीदी, रोज धुलती है न?" मी म्हणाले, "नहीं."

मी परत जाऊन नळी धुतली. पाऊण तास. डॉक्टर केबिनमध्ये बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी नोटीस. पेशंटमध्ये घबराट पसरवली, वरिष्ठांचा अपमान केला. सोबत टाइप केलेला माफीनामा. एचआरच्या मॅडम गोड बोलल्या, "साइन कर दीजिए, बात खत्म."

मी रात्री आईला फोन केला. सगळं सांगितलं, नोकरी जाईल म्हटलं. ती म्हणाली, "बाई, मी जन्मभर लोकायची घाण काढली. लोकायच्या पोटात नाही घातली. तू काऊन घातली इतके दिवस?"



माफीनामा मी सही न करताच परत दिला. त्याच्याबरोबर माझा जबाब दिला, चार पानं, माझ्या हातानं लिहिलेली. ज्या ज्या दिवशी मी अर्धवट धुतलेली नळी दिली, ते आठवले तेवढे सगळे दिवस त्यात आहेत. हुकूम कुणाचा होता ते आहे. हात माझे होते तेही आहे. शेवटी एकच मागणी आहे: त्या दिवसांतल्या प्रत्येक पेशंटला बोलवा, खरं सांगा, हॉस्पिटलच्या खर्चानं त्यांचं रक्त तपासा.

एक प्रत सरकारी आरोग्य कार्यालयात दिली आहे. पोच घेतली आहे. सोमवारी हॉस्पिटलमध्ये चौकशी आहे. मला काढतील, बहुतेक. डॉक्टर तिथंच राहतील, बहुतेक. तरी मी जाणार आहे, आणि ती माणसं बोलावली जाईपर्यंत दर सोमवारी आरोग्य कार्यालयात जाणार आहे.