रेजीनअक्काचे मिटलेले ओठ

प्रार्थनेतल्या एका वाक्याला रेजीनअक्का तोंड मिटून बसायची, हे अख्ख्या वाडीला ठाऊक होतं. आम्ही दुसऱ्यांना माफ करतो तसं तू आम्हाला कर, असं देवाला म्हणायची वेळ आली की हिचे ओठ शिवलेले. सात वर्षं! कुणी टोकलं तर फटकन म्हणायची, "जे मी करत न्हाई ते करते म्हणून देवाला कशाला सांगू? त्याला काय दिसत न्हाई व्हय?"

कारवारकडं, अणशीच्या पलीकडे जंगलातली ही वाडी, पंधरा घरांची, त्यातली पाच किरिस्तावांची. रेजीन पंचावन्नची, विधवा, उन्हाळाभर फणसाचे पापड थापून विकणारी. वाटेवरच्या खुरसाची, म्हणजे दगडी क्रुसाची, देखभाल तिच्याकडेच. सांडलेलं मेण ती सुरीनं खरवडायची, मे महिना लागला की चुना लावायची.

सगळं दुखणं होतं धाकट्या भावाचं, बस्त्यावचं. सात वर्षांपूर्वी कुणीतरी भाताच्या बांधावर डुकरांसाठी तारेचा फास लावला आणि त्यात गवा अडकून मेला. उरलेली तार सापडली बस्त्यावच्या खोपीत. तो चौदा महिने आत राहून आला. अजून तारीख पडली की कारवारच्या कोर्टात खेटे घालतो. पाहुण्यांना जंगल दाखवायचं काम गेलं आणि 'फासवाला' हे नाव चिकटलं. ज्यानं हे केलं त्याला माफ करायचं? रेजीनला त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

यंदा ईस्टरच्या आधी शेजारचा इनास पडवीत येऊन बसला. प्रार्थनेला पुढं उभा राहून आवाज लावणारा तो हाच. म्हणाला, "अक्का, फास माझा होता. तारही मीच टाकली खोपीत. फादरकडं पाप कबूल केलं, तर तो म्हणाला, आधी ज्यांचं वाईट केलंस त्यांना सांग. हे बघ, सांगितलं. आता तू माफ केलं म्हण, म्हणजे सुटलो मी."

आणि वर चहा मागितला!

रेजीनला त्याची किळस आली. शी! बस्त्याव आत असताना ह्याच माणसानं तिच्या हातचे पापड खाल्ले होते, "देव बघून घेईल अक्का" म्हणत डोळे पुसले होते.

"फॉरेस्ट ऑफिसात सांग," ती म्हणाली. "चारचौघांत सांग."

"मग मला आत टाकतील की!"

"आणि माझ्या भावाला काय वरातीला नेलं होतं?"

"देवानं माफ केलंय, अक्का. तू देवापेक्षा मोठी काय?"

"मग जा, देवाच्याच घरी चहा पी." तिनं पातेलं चुलीवरून उतरवलं.

बस्त्यावला सांगितलं, तर तो म्हणाला, "सोड अक्का. आपलं कोण खरं मानणार?" हे ऐकून तर तिला जास्तच शिसारी आली.

मे महिन्यात खुरसापुढं लदीन असते. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना म्हणायची आणि मग ज्याची पाळी त्यानं उकडलेले चणे वाटायचे. यंदा पाळी इनासची. ह्याच्या चण्यांसाठी आपण चुना फासतोय, असं मनात आलं आणि रेजीनला बादलीत थुंकावंसं वाटलं.

लदीनीला फादर आला, शेजारचा म्हादू बायकोपोरं घेऊन आला. सुरुवातीलाच इनासनं सगळ्यांदेखत हात जोडले. "रेजीनअक्का, माझं काही चुकलंमाकलं असेल तर माफ कर."

बायका गहिवरल्या. म्हादू म्हणाला, "मोठ्या मनाचा माणूस बघा!"

"काय चुकलं?" रेजीननं विचारलं. "नाव घेऊन सांग."

इनास खुरसापुढची मेणबत्ती सरळ करायला लागला. फादर खाली बघत राहिला. त्याला सगळं ठाऊक होतं, पण कबुलीतलं बोलायची मुभा नव्हती. मागून कुणीतरी पुटपुटलं, "किती ताणायचं ते!"

प्रार्थना सुरू झाली. ते वाक्य आलं. रेजीननं ओठ मिटले, पण आज मान वळवून इनासकडं बघितलं. अळ्या पडलेल्या सुक्या मासळीकडं बघावं तसं बघितलं. इनासचा आवाज अडकला. पुढं म्हणणारा थांबला तसे सगळेच थांबले.

"फास माझा होता," तो पुटपुटला.

"मोठ्यानं."

"फास माझा होता! बस्त्यावच्या खोपीत तार मी टाकली."

सगळ्यांच्या मागं झाडाला टेकून बसलेल्या बस्त्यावनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हुंदके देऊन रडायला लागला. म्हादूची मान खाली गेली.

हे ऐकलं की काळीज थंड होईल, असं रेजीनला वाटायचं. कसलं थंड! किळस तशीच घशाशी होती. "उद्या सकाळी फॉरेस्ट ऑफिसात जायचं," ती इनासला म्हणाली. "मी बरोबर येणार हाय." त्यानं मान हलवली.

लोक ताटकळले होते. अडलेलं वाक्य पुढं कोण म्हणणार? शेवटी रेजीननंच उचललं. कडू काढा गिळावा तसं तोंड वाकडं करून, सात वर्षांनी, सबंध म्हटलं. मग खुरसाकडं बघून म्हणाली, "मनापासून न्हाई हं, देवा. पण म्हटलंय."