मालकानं समोर येऊ नये

आमच्या मामाच्या मालकीची एक घोडी आहे असं सांगितलं की लोक आधी मामाकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि मग विषय बदलतात. त्यांचं काही चुकत नाही. मामाची लाँड्री आहे. दिवसभर वाफेच्या इस्त्रीमागे उभा राहून त्याचा चेहरा नुकताच उकडून काढल्यासारखा दिसतो. आणि पोट असं, की तो घोडीवर बसला तर आधी कुणाची कीव करावी हा प्रश्नच पडावा. एकदा बसला होता. घोडी शांत उभी राहिली, मामाच घाबरून खाली उतरला. पुन्हा कधी त्यानं रिकिबीत पाय घातला नाही.

मग घोडी घेतली कशाला? तर घेतली नाही, गळ्यात पडली. घोड्यांच्या पाठीवर घालायच्या झुली मामाकडे धुवायला यायच्या. धुतलेला गठ्ठा पोचवायला तो तबेल्यावर गेला, तर तिथे एक शिंगरू भिंतीला टेकून उभं होतं. त्याची आई विताना दगावली होती आणि तबेलेवाल्याला ही ब्याद नको होती. मामानं बाटलीनं दूध पाजलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाजलं. मग दुकान उघडण्याआधी रोजच. शेवटी तबेलेवाला म्हणाला, "न्या बुवा, तुमचीच झाली ती. फक्त झुली फुकट धूत जा."

मामी म्हणायची, "लग्न होऊन एवढी वर्षं झाली, या घरात कुणाला दिवस गेले नाहीत. आणि हे बघा, एकदम आईच झाले." ती हे हसून म्हणायची. आम्हीही हसायचो, पण जरा उशिरानं.

घोडी मोठी झाली आणि उड्या मारायला लागली. तबेल्यावरची एक मुलगी तिच्यावर बसू लागली. अंगानं सडपातळ, बसणं ताठ, म्हणून मामीनं तिचं नाव 'काठी' पाडलं. काठीला घोडी परवडत नव्हती, मामाला बसता येत नव्हतं. जोडी जमली. स्पर्धा सोपी असते, म्हणजे बघायला. रिंगणात आडव्या दांड्यांचे अडथळे मांडलेले असतात, ते दांडी न पाडता ओलांडायचे. घोडी वाटेत अडली की गुण गेले.

पहिल्या स्पर्धेला मामा नवा शर्ट घालून कठड्याशी उभा राहिला. घोडी ऐटीत आली, अडथळ्याकडे वळली, आणि मामानं सवयीनं जिभेनं 'चक्' केलं, बाटली आणली की करायचा तसं. झालं! अडथळा, काठी, पंच, सगळ्यांना सोडून घोडी सरळ कठड्याशी आली आणि तिनं मामाच्या खिशात तोंड घातलं. काठी तिच्या मानेला लोंबत होती. लोकांची हसून पुरेवाट झाली. मामाही लाजत हसला. इतक्या माणसांसमोर त्याला आजवर कुणी पसंत केलं नव्हतं.

"काका, राग मानू नका," काठी नंतर म्हणाली, "पण तुम्ही समोर असलात की ती घोडी राहतच नाही. तान्ही होते."

"मी गप्प उभा राहीन."

"तुमचा वास येतो तिला. साबणाचा, वाफेचा."

तेव्हापासून मालकानं समोर येऊ नये असं ठरलं. आधी स्पर्धेला, मग सरावाला. मग तबेल्यावरच्या फेऱ्याही कमी झाल्या, कारण तो निघाला की ती दार लाथाडायची आणि दाण्याला तोंड लावायची नाही. मामानं सगळं ऐकलं. उरल्या फक्त काठीच्या पांढऱ्या तंग विजारी. त्या धुवायला त्याच्याकडेच यायच्या. गुडघ्यांशी चिकटलेले घोडीचे तांबूस केस तो ब्रशनं न झाडता बोटांनी वेचायचा. गिऱ्हाईक खोळंबलं तरी.

स्पर्धेच्या दिवशी तो मैदानाबाहेर गाडीत काचा वर करून बसायचा. वास जाऊ नये म्हणून. मी कठड्याशी, कानाला फोन लावून.

"चौथा पार, मामा."

"कान कसे आहेत?"

"कानाच्या जागी आहेत."

"अरे गाढवा, पुढे आहेत की मागे?"

"पुढे."

"इकडेतिकडे बघते का? कुणाला शोधल्यासारखी?"

सुरुवातीला मी हो म्हणायचो, आणि ते खरं होतं. पुढे पुढे मी घाईघाईनं पाचवा अडथळा सांगून टाकायचो.

एका मोठ्या स्पर्धेआधी काठी लाँड्रीत आली. "काका, या वेळी तुम्ही कठड्याशी यायचं. ती आता पक्की झालीय."

मामाचा हात इस्त्रीवर थांबला. "आणि अडली तर?"

"नाही अडणार. मला खात्री आहे."

तिनं हे धीर द्यायला म्हटलं होतं. मामानं मात्र दिवसभर शर्टांच्या घड्या चुकवल्या. दुकान बंद करताना मला विचारलं, "जिंकायला तर हवीच रे. पण पाय न थांबवता नुसती मान वळवली, तर त्याचे गुण जातात का?"

"नाही जात."

"मग झालं तर."

त्या दिवशी तो दुकानातल्याच शर्टावर आला, वाफेनं दमट झालेल्या. वारा आमच्याकडून रिंगणाकडे वाहत होता. घोडी इतक्या जवळून गेली की मातीचे कण आमच्या तोंडावर उडाले. तिनं बघितलं नाही. ती पुन्हा आमच्या बाजूला आली तसा मामा कठड्यावर वाकला.

"मामा, नको."

त्यानं हळूच 'चक्' केलं. मग जरा मोठ्यानं. शेजारच्या बाई वळून बघायला लागल्या. घोडीचे कान समोरच्या दांडीवरून हलले नाहीत. काठीनं टाच दाबली आणि दोघी हवेत गेल्या, एकाच अंगाच्या असल्यासारख्या. एकही दांडी पडली नाही.

चषक मालकाच्या हातात देतात. मामा तो घेऊन घोडीजवळ गेला. तिनं त्याच्या खिशातलं गाजर खाल्लं, सभ्यपणे, कुणाचंही खाल्लं असतं तसं, आणि मान काठीच्या खांद्यावर टेकवली.

"बघा! म्हटलं नव्हतं? आता दर वेळी या काका, बिनधास्त."

"हो, हो," मामा म्हणाला. "छान झालं. आता काळजी नाही."

घरी मामी दारातच उभी होती. "काय, भेटली का लेक? ओळखलं का बापाला?"

"ओळखलं म्हणजे काय! सारखी बघत होती. मान वळवून वळवून."

"मग अडली असणार. बिचारी काठी."

चषक टेबलावर ठेवून मामा खुर्चीत बसला. "नाही. पहिली आली."

मामी एकदा चषकाकडे बघून मग त्याच्याकडे बघत राहिली. टोमणा मारायची अशी संधी तिनं कधी सोडलेली मला आठवत नाही.

"शर्ट बदला," एवढंच ती म्हणाली. "घामेजलाय."

मामा हो म्हणाला, पण उठला नाही.