सर्कशीचं गाणं आणि साडेआठ मिनिटांचं गाऱ्हाणं

वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी मी जागतिक संगीतात पाऊल ठेवलं आणि ते पहिल्याच पायरीवर मुरगळलं.

दोष माझ्या मेहुण्याचा, म्हणजे बायकोच्या भावाचा. तो जहाजावर आचारी आहे. इतरांचे मेहुणे बोटीवरून येताना अत्तरं आणतात, चॉकलेटं आणतात, गेला बाजार एखादी टॉर्च तरी आणतात. आमच्या मेहुण्याने २००८ च्या सुट्टीत माझ्यासाठी युकुलेले आणलं. चार तारांचं, दिसायला गिटारसारखं, पण इतकं लहान की पोटाशी धरलं तर ढेरीआड गायब. माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "ह्येचा मोठा झाल्यार गिटार होता काय रे?"

मी ओरोसला सरकारी कचेरीत कारकून. दिवसभर लोकांचे अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवायचे, संध्याकाळी एस.टी.ने कट्ट्याला, आमच्या गावी, परत यायचं. अशा माणसाच्या हातात तारा दिल्या की तो कलावंत होणारच. मी रोज पडवीत बसून वाजवू लागलो. पंधरा दिवसांत आमच्या मांजराने शेजाऱ्यांकडे कायमचा मुक्काम हलवला. माझी बायको सुनंदा त्याच्या मागोमाग जायची थांबली ती केवळ चुलीवर आमटी होती म्हणून.

तेवढ्यात घरी टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट आलं, आणि माझी मुलगी मेघा हिने (कॉलेजात जाते आणि बापाचा मान ठेवत नाही) मला एक साइट शोधून दिली. जगभरातले हौशी युकुलेलेवाले तिथे जमत. दर महिन्याला एक विषय, त्यावर प्रत्येकाने गाणं वाजवून व्हिडिओ चढवायचा. त्या महिन्याचा विषय होता जत्रा आणि सर्कस.

मी रोज रात्रीच्या जेवणाआधी ते व्हिडिओ पाहू लागलो, आणि माणूसजातीकडे किती फावला वेळ आहे ते मला कळलं. कॅनडाचा एक दातांचा डॉक्टर विदूषकाचं लाल नाक लावून गात होता. नाक घट्ट असल्यामुळे गाणंही नाकातून येत होतं. एक जर्मन गृहस्थ सिंहाची आयाळ घालून पिंजऱ्यातल्या सिंहाचं दुःख गात होता, आणि पाठीमागे त्याची बायको शांतपणे कपड्यांना इस्त्री करत होती. इंग्लंडच्या एक बाई न्हाणीघरात बसून गायच्या, कारण तिथे म्हणे आवाज घुमतो. सगळ्यांना मिळून तीन सूर येत होते, आणि तेही एका वेळी एकच.

पण खरी गंमत वेगळीच. तिथे कोणीही कोणाला वाईट म्हणत नसे. सिंहाला लिहिलेलं: 'अंगावर काटा आला.' नाकवाल्याला: 'किती हळुवार.' न्हाणीघरातल्या बाईंना तर एकाने आपल्याला रडू आल्याचं कळवलं होतं. आमच्या गावच्या जत्रेत असं गायले असते तर ह्यांना पहिल्या कडव्यात नारळ देऊन खाली बसवलं असतं. इथे मात्र उघडं दुकान, फुकट वाहवा.

म्हणूनच सुनंदाने अट घातली तेव्हा मी मनातल्या मनात हसलो.

"ह्या माका आता सोसणा नाय," ती म्हणाली. "पुढच्या म्हयन्यात दादा सुट्टीर येतलो. एक तर ही वस्तू तेच्यावांगडा परत जातली, नाय तर मी म्हायेराक जातंय."

"अगो, ही कला आसा."

"मगे तुमच्या त्या कलावंतांका विचारा. तेंच्यातल्या एका तरी माणसान तुमच्या वाजवण्याचा कवतिक केल्यान, तर ठेवा घरात. मी परत तोंड उघडूचंय नाय."

"एकान?"

"एकान. पण वाजवण्याचा. शर्टाचा नाय."

जिथे सिंहाने लोकांच्या अंगावर काटा आणला, तिथे मला एक माणूस मिळणार नाही? मी तिच्या हातावर टाळी दिली. त्याच दिवशी कचेरीतही सांगून टाकलं की माझं गाणं परदेशात ऐकलं जाणार आहे. साहेबांनी मान वर न करता "रजा लागेल का?" एवढंच विचारलं.

गाणं मी स्वतः रचलं. 'तंबू उभा बांबूवर, जोकर उभा तंबूवर, वाघ बसला टेबलावर, मीच बसलो वाघावर.' अशी अकरा कडवी. सुरुवातीला नुसत्या वाजवण्याची लांबलचक प्रस्तावना, म्हणजे ऐकणारा नीट सावरून बसेल. मुदतीच्या शेवटच्या रविवारी सकाळी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, खुर्ची मांडली, मेघाने कॅमेरा लावला. मी भडक पिवळा शर्ट घालून बसलो आणि आप्पा बाहेर आले.

"खंय रे चल्ला गाणा?"

"जगात सगळीकडे, आप्पा."

"आणि देवाक सांगलंस?"

इथे आप्पांविषयी सांगायला हवं. आमच्या गावात लग्न असो, नवी होडी असो, विहिरीला पंप बसवायचा असो, कामाला हात लावण्याआधी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालतात. एक जाणता माणूस देवाला सगळं सविस्तर सांगतो आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा देतात. हे गाऱ्हाणं घालायचा मान गेली तीस वर्षं आप्पांचा. आपल्याच घरचं काम जगासमोर निघालंय आणि देवाला पत्ता नाही, ही गोष्ट त्यांच्या पचनी पडणं शक्य नव्हतं.

"आप्पा, दोन मिनिटांत आटपा," मी म्हटलं. "थंयसर धा मिन्टांच्या वर व्हिडिओ चढणा नाय."

"दोन मिन्टां खूप झाली," आप्पा म्हणाले, आणि पानविडा, नारळ आणायला आत गेले.

गाऱ्हाण्याला माणसं लागतात. सुनंदाने कुंपणावरून हाक मारली. शेजारची आठदहा माणसं आली. बांगडे विकायला आलेली चंद्री टोपली उतरवून माझ्या खुर्चीमागेच उभी राहिली. मेघाने कॅमेरा सुरू केला. आप्पांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्यो माजो झील, वीस वर्सां कचेरीत कागद सरकवन कटाळलो, आणि आता हातात वितभर गिटार घेवन जगासमोर बसलो हा..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्येका सूर म्हायत नाय, ताल म्हायत नाय, ता तुका म्हायत आसा..."

"व्हय म्हाराजा!" (एवढ्या एकमताने आमच्या गावात कधी सरपंचही निवडला गेला नाही.)

"आप्पा," मी ओठ न हलवता म्हटलं, "गाण्यापुरताच सांगा."

पण देवापुढे उभा राहिलेला माणूस मुलाचं ऐकत नाही. आप्पा माझ्या अडकलेल्या बढतीवर गेले. तिथून माझ्या पोटाच्या तक्रारीवर. "ह्येची बायल सगळा सोसता हा, तिका बळ दी," म्हणाले, तेव्हा सुनंदाचा "व्हय म्हाराजा" सगळ्यांच्या वर ऐकू आला. मग परदेशची माणसं आली: "जी कोण साता समुद्रापलीकडे ह्या आयकतली, तेंनी कोणाचा कायएक वाकडा केला नसताना तेंका ह्यो ताप होता हा, तेंच्या कानांचा रक्षण कर रे म्हाराजा." चंद्रीने यावर इतक्या जोरात दुजोरा दिला की टोपलीवर टपलेली एक घार उडाली.

साडेआठ मिनिटं. मेघा कॅमेऱ्यामागून बोटांनी खुणा करत होती. आप्पांनी नारळ फोडला आणि मी घाईघाईने प्रस्तावना सुरू केली. मन लावून वाजवली, एकही टप्पा गाळला नाही. शेवटी मान वर केली, छाती फुगवली, "तंबू" म्हटलं, आणि मेघाने कॅमेरा बंद केला.

"धा मिन्टां झाली, बाबा."

"गाऱ्हाणा काप," मी तिला हळूच सांगितलं.

आप्पांचे कान म्हातारे झालेले नाहीत. "काय कापतंस? ज्या कामासाटी देवाक सांगला, ता काम तेच्यापासून तोडतलंस? मगे जा काय होतला तेका मी जबाबदार नाय."

"मगे परत करूया. आप्पा, गाऱ्हाणा थोडक्यात घाला."

"एका कामाचा दोनदा सांगाक देव काय भैरो आसा?"

जमलेल्या सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी कापायची गोष्ट पुन्हा काढली नाही. (मी विज्ञानाचा पदवीधर आहे. पण माझी बढती अडकली होती.) व्हिडिओ तसाच चढवला. चढायला संध्याकाळ झाली, तोवर घरात फोन बंद.

दोन दिवसांनी आम्ही सगळे संगणकापुढे बसलो. चाळीसेक लोकांनी लिहिलं होतं. माझा ऊर भरून आला. मेघा वाचून मालवणीत सांगू लागली.

"ह्यो कॅनडाचो दातांवालो. म्हणता, असो रिंगमास्टर आपण जल्मात बगूक नाय."

"रिंगमास्टर कोण?"

"आप्पा."

सगळ्या जगाला वाटलं होतं की पांढऱ्या केसांचा तो म्हातारा सर्कशीचे खेळ पुकारतोय आणि प्रेक्षक त्याला जोरदार साथ देतायत. जर्मन सिंह लिहीत होता की त्या हुंकाराने त्याच्या आयाळीचे केस उभे राहिले. टोपलीवाल्या बाईंचा आवाज कोणत्या पट्टीतला, असं दोघांनी विचारलं होतं. न्हाणीघरातल्या बाईंनी तर तीन सुरांवर "व्हय म्हाराजा" बसवून चढवलंही होतं. टाइल्समध्ये काय घुमत होतं! माझा पिवळा शर्ट एकाला आवडला होता.

"शर्टाचा धरूचा नाय," सुनंदा म्हणाली. ती खुर्ची पुढे ओढून बसली होती. "वाजवण्याचा बग गो मेघा. नीट बग."

मेघा खाली खाली जात राहिली. आप्पा, चंद्री, आप्पा, नारळ, आप्पा. मी युकुलेले मांडीवर घेऊन बसलो होतो. एव्हाना मी त्याच्या चारी तारांचा मनातल्या मनात निरोप घेतला होता.

"गावला," मेघा म्हणाली. "एक आसा. आयर्लंडचो म्हातारो, संगीत शिकवी होतो म्हणे."

"काय म्हणता?"

तिने एकदा माझ्याकडे, एकदा आईकडे पाहिलं आणि शब्दशः सांगितलं. 'शेवटी जे गृहस्थ इतका वेळ वाद्य सुरात लावत बसले आहेत, त्यांच्या चिकाटीचं मनापासून कौतुक. एवढीच विनंती, की पुढच्या वेळी आधी ते लावून घ्यावं आणि मग कॅमेरा सुरू करावा. म्हणजे त्यांचं वाजवणंही ऐकता येईल.'

सुनंदाने पदर तोंडाशी धरला. तिचे खांदे हलत होते, आणि ती रडत नव्हती हे मला पक्कं ठाऊक होतं. बऱ्याच वेळाने डोळे पुसत म्हणाली, "कवतिक म्हटल्यान मा? रवांदे मगे. माणूस चिकाटीचो आसा."

तर युकुलेले घरात राहिलं. मी अजूनही रोज संध्याकाळी पडवीत बसतो. वाटेने जाणारं कोणी थांबून विचारतं, "काय वाजवतास?"

मी खाली मान घालून सांगतो, "खंय वाजवतंय, अजून लावतंय."