शुक्रवारची गोटमार

लिव उषा, केतुराचं लिव. पांढुर्ण्याच्या आमच्या रेल्वे क्वार्टरात भिंतीले भिंत लागून राहे ती. तुझे आबा रुळाच्या गँगमधी होते, न तिचा बाप बिन्यामीनबाबू टेशनावर तिकिटं देये. ते लोक यहुदी. मूळचे अलिबागकडले, बोलनं मराठीच, पन धुतल्यावानी साफ. चौकटीले एक नळी ठोकलेली, येता-जाता तिले हात लावून बोटं चुंबत. शुक्रवारी दिवस बुडाच्या आत दिवे लावले, का त्याईचा शब्बाथ लागला, मंग शनवारच्या सांजेपर्यंत चूल नाही, काम नाही, गाडीत बसनं नाही. तिच्या मायले, सेगुलाबाईले, मी म्हनो, असा देव मलेबी दे एखांदा.

केतुरा विशीतली. डाक्टरच्या दवाखान्यात पट्ट्या बांधे. नागपूरले नर्सचं शिकाचं होतं तिले, नंबरबी लागला होता. पन बापानं ठान्याचं पोरगं पायलं. रुबेन नाव. ते घर कायमचं इस्राएल देशात जाले निघालं होतं, लगन करून पोट्टीले संगंच नेनार. बापाची चिंता खोटी नोती बाई. ना पांढुर्ण्यात त्याईचं दुसरं घर, ना सौसरात. पोट्टी द्याची कोनाले?

पाहुने शुक्रवारी दुपारच्या गाडीनं येनार होते, न नेमका तोच पोळ्याचा दुसरा दिवस. म्हंजे गोटमार. जाम नदीच्या मधात झेंड्याचं झाड रोवाचं, इकून पांढुर्णा न तिकून सावरगाव, न कोनी तो झेंडा तोडेपर्यंत, नाहीतं दिवस बुडेपर्यंत, एकमेकाईची डोस्की फोडाची. डाक्टरनं काठावर तंबू टाकला होता. केतुरा म्हने मी जाईन. बाप म्हने पाहुने येऊन राहिले न तू लोकाईचं रगत पुसशील? लय वाजलं दोघाईचं, भिंतीपलीकडून मले सारं आयकू ये. शेवटी बाप म्हने, "दिवे लागायच्या आत घरात नसलीस, तर या घरात नसशील." ती म्हने येते.

मी गेली तिच्यासंगं, पानी उकळाले न जुनी धोतरं फाडाले. त्या दिवशी गोट्याईले अंत नोता. दुपारीच एकाचे दात हातात आनून देले कोनी. एकाचा डोया असा गालावर आलता, डाक्टर त्याच्यातच गुतला. गोफनीचा गोटा येताना आवाज येत नाही, लागते तवाच समजते. तंबूतली माती चिखल झाली, न पानी तं कोनी सांडलंच नोतं.

दिवस कलाले आला तरी झेंडा काई तुटे ना. मी म्हटलं, केतुरा, चाल माय, तुयी येळ झाली. ती पदराले हात पुसून उठली, न तेवढ्यात सावरगावचा गजानन आनला उचलून. कानशिलावर धोंडा. रगत पिचकारीवानी उडे, दर ठोक्याले. त्याची बायको वच्छला मांग छाती पिटत. केतुरानं अंगठा दाबला तिथं, न रगत थांबलं. पन अंगठा काढता येईना. डाक्टर तिकडूनच वरडला, मले येनं होत नाही, तूच टाका घाल.

तितक्यात केतुराचा बाप आला. पांढरा सदरा, पांढरा पायजामा, डोक्यावर गोल टोपी. पुलावरून येताना त्यालेबी एक गोटा लागला होता, व्हट फाटला होता. घरी पाहुने बसून. काई इचारलं नाही त्यानं. पयले एक झापड मारली, अशी का तिच्या कानातला डूल तुटून पडला. मंग येनी धरून वढली तिले.

अंगठा सुटला. रगत सरळ त्याच्या सदऱ्यावर. वच्छला खाली बसली न माती उचलून आपल्याच तोंडात कोंबू लागली. बिन्यामीनबाबूनं येनी सोडली. केतुरानं पुन्हा अंगठा दाबला, गाल सुजलेला, न हळूच बोलली.

"बाबा, तुमचा अंगठा द्या इथं. सुईला मला दोन्ही हात लागतील."

"शब्बाथ लागला."

"जीव जातोय. जिवापुढं शब्बाथ नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

तो गुडघ्यावर बसला बाई, त्या चिखलात. अंगठा ठेवला. तिनं टाके घातले. गजानन ढोरावानी बोंबले, आमी त्याचे पाय धरून.

घरी गेलो तं दिवे मायनं एकटीनंच लावले होते. रुबेनच्या मायनं ह्या दोघाईचे कपडे पायले, न तरी म्हने, हात धू बेटा, बस. केतुरा उभीच. म्हने, "मला इस्राएलला यायचं नाही. मला नागपूरला शिकायचंय."

बापाचा हात वर गेला. मी म्हटलं झालं, आता हे पोट्टी मेली. पन तो हात तसाच खाली आला, न तो नळावर जाऊन अंगठा घासत बसला.

आता गंमत आयक. शनवारी गाडीत बसनं नाही ना त्याईले! सोयरीक मोडली, न तरी पाहुने अख्खा दिवस त्याच खोलीत. सारे थंडं वरन-भात गिळून राहिले, कोनी कोनाकडं पाहे ना. रुबेनच तेवढा मले म्हने, आजी, इथले लोक दरवर्षी असंच मारतात का? मी म्हटलं, मारतेत बाप्पा. न मी काई तवा आजी नोती.

गजानन वाचला, पन तोंड वाकडं झालं. पुढच्या पोळ्याले मेला पुन्हा गोटे येचत होता.

बाप दिवाळीपर्यंत केतुरासंगं बोलला नाही. ती नागपूरले जाले निघाली तवा तिकिटाच्या खिडकीवर तोच बसला होता. तिनं पैसे सरकवले, त्यानं तिकीट सरकवलं. मंग खिडकी लावून घेतली, न मांगची लाइन खोळंबली तरी कितीक येळ उघडलीच नाही.