टाळ्या नसलेल्या सभांचा वक्ता

घोटीपासून पेठपर्यंतच्या पट्ट्यात कुणी गेलं आणि माझ्या या विद्यार्थ्याला त्याची खबर लागली नाही, असं त्या वर्षभरात एकदाही घडलं नसावं. बाकीची मुलं वर्तमानपत्र उघडतात ती क्रिकेटसाठी, फार तर नोकरीच्या जाहिरातींसाठी. हा थेट निधनवार्तांच्या पानावर जायचा आणि दशक्रियेचं ठिकाण, वेळ पाहून ठेवायचा. चौकात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा नवा फ्लेक्स लागलेला दिसला, की बसमधून मान बाहेर काढून वाचायचा. त्याच्या पाठीवरच्या सॅकमध्ये ड्रॉइंगच्या सामानाच्या जोडीला एक इस्त्रीचा पांढरा सदरा आणि टोपी कायम घडी करून ठेवलेली असे. ‘वेळ काय सांगून येते का सर?’ असं तो म्हणायचा, आणि त्याच्या तोंडी ते वाक्य ऐकलं की मला उगाचच आपला रक्तदाब तपासून घ्यावासा वाटायचा.

या सगळ्याचा उगम माझ्या वर्गात होता, हे सांगताना मला आनंद होतो अशातला भाग नाही. नाशिकच्या एका तंत्रशिक्षणाच्या कॉलेजात मी ‘संवाद कौशल्य’ हा विषय शिकवतो. या विषयाचा तास म्हणजे ऑफ तास, अशी मुलांची समजूत आहे आणि इतर विषयांच्या प्राध्यापकांचीही तीच आहे. बोलणं शिकवता येतं यावर माझा स्वतःचाही फारसा विश्वास नाही, पण पगार त्याचाच मिळतो. पहिल्या तासाला मी प्रत्येकाला पुढे येऊन स्वतःची ओळख करून द्यायला सांगतो. हा पुढे आला, फळ्याकडे तोंड करून उभा राहिला आणि फळ्यालाच आपलं नाव सांगितलं. गावाचं नाव विचारलं तर खिशातून बसचा पास काढून माझ्या हातात दिला. लेखनाची तीच कथा. ‘माझा आवडता माणूस’ या विषयावर त्याने लिहिलं होतं, ‘तो मनमिळाऊ, कष्टाळू, प्रेमळ व सर्वांचा लाडका होता.’ एवढं एकच वाक्य, आणि खाली कोरं पान.

मग मी सगळ्या वर्गाला गृहपाठ दिला. माइक मिळेल तिथे पाच मिनिटं बोलायचं आणि मोबाइलवर चित्रण करून आणायचं. कुणी गणपती मंडळात बोललं, कुणी मामाच्या लग्नात बोललं. याने आणलेल्या चित्रणात नदीकाठ होता, खाली बसलेले टोपीवाले लोक होते, मध्ये पिंड मांडलेले होते आणि हा माइकपाशी थरथरत उभा होता. आमच्या भागात दशक्रियेला श्रद्धांजलीची भाषणं होतात. आधी सोसायटीचे चेअरमन बोलतात, मग होऊ घातलेले उमेदवार बोलतात, आणि शेवटी सूत्रसंचालक विचारतो, ‘अजून कोणाला श्रद्धांजली वाहायची असेल तर पुढे यावं.’ त्या हाकेला जो उठेल त्याला माइक मिळतो. तू कोण, कुठला, असं कुणी विचारत नाही, आणि गेलेल्या माणसासमोर कुणी हुर्यो करत नाही. ‘तिथं टाळ्या वाजवत नाय ना सर,’ तो मला समजावून म्हणाला, ‘म्हणून पडल्या नाय तरी वाईट वाटत नाय. आपल्याला सुरुवात करायला लय बेस जागा हाय.’

गृहपाठ संपला, पण याची श्रद्धांजली थांबेना. सुरुवातीला तो सगळ्यांना मनमिळाऊच म्हणायचा. जो म्हातारा उभ्या हयातीत शेजाऱ्याशी एक शब्द धड बोलला नव्हता, त्यालाही म्हणाला, आणि खाली बसलेला शेजारी खाकरला. एकदा तर घाटावर दोन दशक्रिया शेजारी शेजारी चालू होत्या. हा उशिरा पोचला, चुकीच्या मांडवात शिरला आणि शेळ्या राखणाऱ्या एका आजोबांबद्दल अतिशय कळवळून बोलला. खाली उतरल्यावर एक गृहस्थ त्याचा हात हातात घेऊन म्हणाले, ‘लई चांगलं बोलला बाबा. पण आमची आत्या वारलीये.’

हे त्याने वर्गात सांगितलं तेव्हा पोरं बाक बडवून हसली, आणि मला पहिल्यांदाच खरोखर काहीतरी शिकवावंसं वाटलं. मी म्हटलं, ‘विशेषणं सोड. त्या माणसाच्या घरी जा आणि त्याची एक गोष्ट विचार. एकच. ती सांग आणि खाली बस.’ मी असं बरंच काही वर्गात सांगत असतो, आणि मुलं ते खिडकीतून बाहेर सोडून देत असतात. याने मात्र ते मनावर घेतलं. दशक्रियेच्या आधी तो त्या घरी जायचा, ओसरीवर बसायचा आणि म्हणायचा, ‘त्यांची एक गोष्ट सांगा.’ लोकही सांगायचे. मग तो ती लिहून काढायचा, मला दाखवायचा, मी खोडायचो, तो पुन्हा लिहायचा. जत्रेतून दरवर्षी बायकोसाठी बांगड्या आणून लाजून स्वतः न देता सुनेच्या हाती पाठवणारे एक मास्तर त्याने असे उभे केले, की वाचता वाचता माझा लाल पेन थांबला. फळ्याशी बोलणारा मुलगा आता लोकांच्या डोळ्यांत बघून बोलू लागला. कावळा शिवायला उशीर होऊ लागला, की ‘त्या कॉलेजच्या पोराला उभं करा’ असं लोक म्हणू लागले.

तोटा एवढाच झाला, की त्याला दुसऱ्या सुरात बोलताच येईना. वर्गातल्या सादरीकरणासाठी त्याने वर्कशॉपमधला जुना कॉम्प्रेसर हा विषय घेतला. त्याने कॉम्प्रेसरची देखभाल अशा आवाजात सांगितली, की शेवटी सगळा वर्ग आपोआप उठून माना खाली घालून उभा राहिला. बाहेरून आलेले परीक्षकही उभे राहिले. नंतर स्टाफरूममध्ये ते मला हळूच म्हणाले, ‘मुलगा चांगला आहे. पण घरी नेऊ नये असा आहे.’ पुढे अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात त्याची मुलाखत झाली. ‘स्वतःबद्दल काही सांगा,’ असं विचारल्यावर हा प्रामाणिकपणे म्हणाला, ‘माझ्याबद्दल मला काय माहीत सर? घरच्यांना विचारावं लागंल.’ साहेबांना ते उद्धटपणाचं वाटलं आणि नोकरी हुकली.

त्या दिवशी मी त्याला कॉलेजबाहेरच्या टपरीवर चहा पाजला आणि जरा चिडूनच विचारलं, की ही मेलेल्या माणसांची संगत तू किती दिवस करणार आहेस? त्याने कप खाली ठेवला आणि सांगितलं. त्याचा थोरला भाऊ अंबडला कामाला होता. दर शनिवारी मोटारसायकलवरून गावी जायचा. गेल्या वर्षी अशाच एका शनिवारी हायवेवर ट्रकने त्याला उडवलं. दशक्रियेला घरचं कुणी बोललं नाही, कारण घरात कुणाला बोलताच येत नव्हतं. एका पुढाऱ्याने माइक घेतला, भावाचं नाव चुकीचं घेतलं, तो मनमिळाऊ होता म्हणाला आणि मग पाण्याच्या योजनेवर बराच वेळ बोलला. मागे बायकांमध्ये बसलेल्या आईने घरी आल्यावर याला एवढंच विचारलं, ‘त्यो कोणाबद्दल बोलत व्हता रं?’

‘आता वर्षश्राद्ध हाय सर,’ तो म्हणाला. ‘तव्हा मी बोलणार. आईला कळलं पायजे, दादाबद्दल बोललं म्हणून.’ पोराने माझा विषय असा उराशी धरला होता आणि मी ते चेष्टेवारी नेत होतो.

वर्षश्राद्धाला मी गेलो. भातखाचरांच्या कडेला मांडव होता, भावाचा मोठा फोटो होता. तोच पुढारी पहिल्या रांगेत बसला होता. हा पांढरा सदरा घालून माइकपाशी गेला. हातात कागद नव्हता. लोकांकडे बघून त्याने सुरुवात केली, ‘माझा दादा...’ आणि थांबला. परक्यांच्या ओसऱ्यांवर बसून गोष्टी गोळा करणाऱ्या या मुलाने आपल्या घरात ती विचारलीच नव्हती, कारण त्या घरात वर्षभर दादाचं नावच कुणी काढत नव्हतं. मांडवात कुजबुज सुरू झाली. पुढारी उठला आणि त्याने माइकसाठी हात पुढे केला.

याने माइक दिला नाही. वायर ओढत तो खाली उतरला, पुरुषांच्या रांगांमधून थेट मागे बायकांकडे गेला आणि आईसमोर उकिडवा बसला. ‘आई,’ तो म्हणाला, ‘दादाची एक गोष्ट सांग.’

‘मला कशाला रं,’ म्हणत तिने पदर तोंडाला लावला. त्याने माइक तसाच धरून ठेवला. मग ती माइककडे न बघता, याच्याकडे बघून बोलली. ‘शनवारी यायचा. वळणावून शीळ घालायचा. शीळ आली का मी तवा ठिवायचे. दारात येस्तोवर भाकर तयार.’ ती थांबली. ‘आजून बी शनवारी कोणाची गाडी वाजली का तवा ठिवते. मंग उतरून ठिवते.’

पुढारी खाली बसला होता.

त्या वर्षी मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. वरून विचारणा झाली, तर मी त्याच कॉम्प्रेसरच्या सादरीकरणाचं चित्रण दाखवलं. पुढे त्याला अंबडलाच एका दुसऱ्या कारखान्यात नोकरी लागली. आता तो श्रद्धांजलीला उभा राहत नाही. निधनवार्तांच्या पानावर मात्र मीच हल्ली जरा जास्त वेळ रेंगाळतो. परवा तो सिग्नलला भेटला. शनिवार होता, मोटारसायकलला पिशवी अडकवलेली होती. दर शनिवारी गावी जातो म्हणाला. वळणावर हॉर्न वाजवतो, मग आई दार उघडते. तवा मात्र याने आत येऊन हातपाय धुतल्यावरच ठेवते. मी म्हटलं, ‘अरे, मग शीळ घालायला शिकून घे की.’

सिग्नल सुटला होता आणि मागचे हॉर्न वाजवत होते. त्याने हेल्मेटची काच खाली ओढली.

‘येती मला सर,’ तो म्हणाला. ‘पण ती दादाची हाय.’