भरिताची मोटर

आमच्या गावात भरिताची वांगी भाजायचा मान तोताराम आबांचा. थंडी पडली की कोणाच्या तरी शेतात भरीत पार्टी ठरते, कपाशीच्या वाळल्या काड्यांचा विस्तव पेटतो आणि आबा त्याच्यापुढे मांडी घालून बसतात. वांगी उलटायला ते चिमटा घेत नसत. चिमट्यानं चव जाते, हा त्यांचा शोध. आम्ही तो भरितासोबत मुकाट्यानं गिळायचो.

मग आबांचे हात कापायला लागले. आधी वांगी विस्तवात पडली, नंतर बोटं भाजली. पार्ट्यांचा कारभार बघणारा नवल म्हणाला, "आबा, आता तुम्ही बसा. भाजाचं आम्ही पाह्यतो." आबांना ते फार लागलं. विस्तवापुढची ती जागा सोडली तर गावात आपल्याला कोणी काही विचारत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ बघून वांगी फिरवायचं मशीन करायला घेतलं. सळईला वांगी टोचायची, पाव फेरा, जरा थांबायचं, परत पाव फेरा. जळगावला जाऊन दुकानात "ताकदीची मोटर द्या" म्हणाले. दुकानदारानं दिली, कशाला पाहिजे हे त्यानं विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. घरात सून भाविका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, पण सुनेला विचारलं तर सासरेपणाचं काय उरणार?

पार्टीत मशीन मोठ्या थाटात फिरलं. लोकांनी फोटो काढले. भरीत लाकडी बडगीत ठेचायला घेतलं तेव्हा कळलं की प्रत्येक वांग्याची एक बाजू कच्चीच आहे. आम्ही ते खाल्लं. चावत बसलो, असं म्हणणं जास्त खरं.

घरी आल्यावर भाविकानं मोटर हातात घेतली. "आबा, ही सर्व्हो आहे. हिला कोन सांगायचा. त्या कोनावर जाते, पोचलो का ते स्वतः तपासते आणि तिथं घट्ट धरून राहते. पण ही अर्ध्या फेऱ्यापर्यंत जाऊन परत फिरते. एक बाजू विस्तवाकडे आलीच नाही. तुम्हाला स्टेपर पाहिजे. ती एकेक पायरी करत कितीही गोल फिरते. फक्त मध्ये अडली तर तिला कळत नाही, आपण पुढे गेलो असंच समजते."

"आन् वळखाची कशी?" आबांनी सासरेपण बाजूला ठेवून विचारलं.

"वायरी बघा. अशा सर्व्होला तीन असतात, तुम्हाला लागणाऱ्या स्टेपरला चार. आणि हातानं हळू फिरवा. स्टेपर बारीक खटके देत पूर्ण फिरते, ही मध्येच अडते."

झालं. पुढे टपरीवर कपाशीच्या भावाचा विषय निघाला तरी आबा तो वायरींवर आणून सोडत. ज्यांच्या घरी साधं मिक्सरही नीट चालत नव्हतं, त्यांनाही सर्व्हो आणि स्टेपर तोंडपाठ झालं.

स्टेपर बसवल्यावरची पार्टी मात्र गाजली. वांगी चहूबाजूंनी अशी भाजली गेली की आबांच्या हातालाही कधी तसं जमलं नव्हतं, आणि नवलनं ते सगळ्यांसमोर बोलूनही दाखवलं. आबा नवरदेवासारखे मिरवत होते. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पुढच्या शनिवारी नवल आबांच्या दारात उभा राहिला. "आबा, मशीन तेव्हढं द्या. थंडी लय आहे, तुम्ही कशाले येता? डबा धाडतो."

आबांनी मशीन पुसून दिलं. मोटर विस्तवापासून लांब ठेवायला सांगितलं, वायरी कशा जोडायच्या ते दाखवलं. नवलला ते लगेच जमलं.

संध्याकाळी डबा आला. आबांच्या बायकोनं, झुंबरबाईंनी, ताट वाढलं आणि विचारलं, "भरीत कसं झालं?"

"चांगलं झालं," आबा म्हणाले, आणि ताट त्यांच्याकडे सरकवलं. "तूच खाय."